जाम इंजिनाला घण नको, तेल घाला

वाड्याच्या मागे, गोठ्याला लागून किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी जुनी जीप तुमच्याही गावात असेल. आजोबांनी कधीकाळी सरकारी लिलावात घेतलेली, वरातीच्या नवरदेवापासून उसाच्या बेण्यापर्यंत सगळे वाहिलेली. मध्येच कधीतरी बॅटरी उतरली आणि ‘सुगी झाली की बघू’ म्हणता म्हणता दहा-बारा पावसाळे निघून गेले. आता नातू नवी बॅटरी आणतो, सेल्फ मारतो. ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. हँडल लावून बघावे तर ते भिंतीत चिणल्यासारखे. इंजिन जाम!

अशा वेळी गावात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला भंगारवाल्याचा, तो काट्यावर भाव सांगतो. दुसरा पारावरच्या जाणत्यांचा : ट्रॅक्टरला साखळी बांधा, जीप तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि ओढा, आपोआप सुटतंय बघा. खरे सांगायचे तर दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा वाईट आहे. भंगारवाला निदान चार पैसे तरी हातावर ठेवतो. ट्रॅक्टरने ओढलेल्या जीपचे टायर एकतर घासत जातात, नाहीतर आत काहीतरी मोडते. अडकलेली रिंग तुटून सिलेंडरला चर पाडते, कनेक्टिंग रॉड वाकतो, गिअरचा दात उडतो. जे इंजिन पंधरा दिवसांच्या धीराने आणि दोन-तीन लिटर तेलाने सुटले असते ते कायमचे जाते.

आणि इंजिन जाणे म्हणजे जीपची निम्मी किंमत जाणे. हे कसे, ते आधी बघू.

कागद आधी, पाना नंतर

दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीच्या जीपने नाव कमावले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. १९५२ साली सामुदायिक विकास योजना आली, १९६२ साली आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या, आणि ‘बीडीओसाहेबांची जीप’ हे खेड्यातल्या पोरांनी पाहिलेले पहिले मोटारवाहन ठरले. पुढे यातल्या कितीतरी गाड्या लिलावात निघून शेतकऱ्यांच्या दारात आल्या. पेट्रोल महागले तशी अनेकांनी मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवले.

इथेच मेख आहे. ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘विंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नियम करताना पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे ठेवली गेली. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे ज्याच्या शेडमध्ये मूळ इंजिनाची साठ वर्षांची जीप आहे, त्याच्याकडे ते जाम इंजिन हाच खरा ऐवज आहे. हौशी गिऱ्हाईकही पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिन नंबरच बघते.

एवढी जुनी नसलेली खासगी गाडी असेल तर पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेता येते. तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी आर. सी. बुक शोधा, चासी नंबर आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून बघा, कर कुठवर भरला आहे ते बघा आणि आर. टी. ओ. कार्यालयात आजचे शुल्क विचारून घ्या.

ग्रामसेवक, सरपंच आणि पंचायत समितीच्या मंडळींसाठी वेगळी गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय मालकीच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांची नोंदणी रद्द धरली जाते, आणि त्यात महापालिका, नगरपालिकांबरोबर पंचायतींची वाहनेही येतात. कार्यालयाच्या आवारात अशी जीप किंवा पाण्याचा टँकर उभा असेल तर तो रस्त्यावर आणण्यासाठी इंजिनावर खर्च टाकू नका. लेखापरीक्षणात तो खर्च अंगावर येईल. ही वाहने नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडेच द्यायची आहेत. पुढचे लिहिले आहे ते खासगी मालकांसाठी.

जाम होते म्हणजे काय होते?

जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि पिस्टनवरच्या रिंगाही बिडाच्या. रिंग आणि सिलेंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे तेल निथळून खाली चेंबरमध्ये जाते. मग उघड्या पडलेल्या बिडावर ओल बसते आणि गंज चढतो. गंजाचा स्वभाव असा, की ज्या लोखंडातून तो होतो त्यापेक्षा तो जास्त जागा घेतो. रिंग आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट असेल ती तो भरून टाकतो आणि पिस्टन जागच्या जागी पकडला जातो.

बॉनेट तर बंद होते, मग ओल आली कुठून? सायलेन्सरमधून. चार सिलेंडरचे इंजिन कुठेही थांबले तरी त्याचे काही व्हॉल्व उघडेच राहतात. ज्या सिलेंडरचा व्हॉल्व उघडा राहिला, तो सायलेन्सरच्या किंवा कार्बोरेटरच्या वाटेने बाहेरची हवा घेत राहतो. पावसाळ्यात ती हवा ओली असते. म्हणून जाम इंजिन उघडले की बहुधा एक किंवा दोनच सिलेंडर गंजलेले दिसतात आणि बाकीचे आरशासारखे असतात. चारही पिस्टन एकाच क्रँकला जोडलेले असल्यामुळे एक अडला की सगळे अडतात, एवढेच.

दुसऱ्या प्रकारचा जाम वेगळा. तो चालत्या गाडीत होतो. रेडिएटरचे पाणी संपले किंवा चेंबरचे तेल गेले आणि तरी गाडी दामटली, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतो आणि भिंतीवर लिंपला जातो. हा जाम तेलाने सुटला तरी इंजिन उघडावेच लागते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारा : शेवटची बंद पडली ती कशी? उभी केली ती उभीच राहिली, असे उत्तर आले तर आशा बरीच. घाटात वाफ आली, आवाज आला आणि थांबली, असे असेल तर सरळ चांगला मिस्त्री गाठा.

खरोखर इंजिनच जाम आहे का?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुष्कळदा दोष दुसऱ्याचा असतो आणि बोल इंजिनाला लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा, चाकांना दगड लावा, बॅटरीची वायर काढा. फॅनचा पट्टा काढून मग हँडल फिरवून बघा. पाण्याचा पंप किंवा डायनॅमो गंजला असेल तर तोच इंजिन धरून ठेवतो. सेल्फचे छोटे चाक फ्लायव्हीलच्या दातांत अडकून बसले असेल तरी अगदी असाच ‘टक्’ आवाज येतो. सेल्फचे बोल्ट काढून तो बाहेर घेतला आणि इंजिन फिरले, असे अनेकदा घडते. चारही स्पार्क प्लग काढा; एखाद्या सिलेंडरमध्ये पाणी साचले असेल तर प्लग लावलेले असताना पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण पाणी दाबले जात नाही.

प्लगही बसलेले असतात. त्यांच्या बुडाशी रात्रभर तेल मुरू द्या. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा आणि मग सैल करा. प्लग मोडला तर काम दुप्पट होते.

चेंबरचा नट काढून जुने तेल पातेल्यात घ्या. आधी पाणी आले किंवा तेल ताकासारखे पांढरट निघाले, तर हेडची गॅस्केट किंवा ब्लॉक बघावा लागेल. तेलात चकचकीत कीस दिसला तर ते बेअरिंग किंवा पिस्टन झिजल्याचे लक्षण.

तेल आणि धीर

आता खरे काम. डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान घ्या. पूर्वी रॉकेल वापरत; ते आता सहज मिळत नाही आणि डिझेलने अडतही नाही. काही मिस्त्री एटीएफ म्हणून मिळणाऱ्या लाल तेलात निम्मे ॲसिटोन मिसळतात. हे मिश्रण बारीक फटीत चांगले शिरते, पण ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. ते वापरायचेच तर उघड्यावर वापरा आणि जवळपास विडी, चूल, वेल्डिंग काही नको.

प्रत्येक प्लगच्या भोकातून अर्धी वाटी मिश्रण सोडा आणि भोकावर कापडाचा बोळा ठेवा. दुसऱ्या दिवशी अगरबत्तीची काडी आत घालून तेल किती उरले ते बघा. ज्या सिलेंडरमधले तेल उतरते आहे तिथे ते रिंगांच्या बाजूने खाली झिरपत आहे, म्हणजे गंजात वाट सापडली. जिथे तेल तसेच उभे आहे तो पिस्टन बहुधा मुख्य गुन्हेगार. मात्र विलीज जीपच्या इंजिनात सायलेन्सरचे व्हॉल्व हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात. असा व्हॉल्व उघडा राहिला असेल तर तेल पिस्टनवर न थांबता सायलेन्सरच्या वाटेलाही जाऊ शकते. तेल भराभर उतरते म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

रोज थोडे तेल वाढवत आठ दिवस तरी हँडलला हात लावू नका. हेच लोकांना जमत नाही. दुसऱ्याच दिवशी हँडलला चार फुटी पाइप जोडून दोघे जण त्यावर लटकतात. आठवड्यानंतर हँडल लावा, दोन्ही हातांनी एका माणसाचे बळ लावा आणि फॅनच्या पुलीवर खडूने खूण करा. खूण तसूभर जरी सरकली तरी थांबा, आणि पाना लावून तेवढेच उलट फिरवा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बैलगाडीचे चाक चिखलात रुतले की आपण पुढे-मागे झोका देऊन काढतो, एकदम ओढत नाही; तसेच हे. या झोक्याने गंज दळला जातो आणि तेल आत ओढले जाते. पूर्ण फेरा व्हायला कधी एक दुपार लागते, कधी आठवडा. काही इंजिनांनी तीन-तीन आठवडे घेतले आहेत आणि तरी ती सुटली आहेत.

थंडीच्या दिवसांत रेडिएटरच्या बाजूने आधी कोमट आणि मग गरम पाणी ब्लॉकमध्ये खेळवले तर तेल पातळ होऊन लवकर शिरते. गॅसची बत्ती मात्र ब्लॉकला लावू नका. बीड एका जागी तापले की तडकते, आणि तडकलेला बिडाचा ब्लॉक जोडणे हे सगळ्यांना जमणारे काम नाही.

तरीही सुटले नाही तर

मग हेड उघडायचे. बोल्ट बाहेरून मध्याकडे या क्रमाने थोडे थोडे सैल करा, एकदम एक नको. हेड निघाले की पिस्टन कुठे उभे आहेत ते नीट बघा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर-खाली होतात, दुसरा आणि तिसरा त्यांच्या उलट. पहिला-चौथा अगदी वरच्या टोकाला असतील तर दुसरा-तिसरा अगदी खाली असतात. या स्थितीत पिस्टनवर कितीही ठोकले तरी क्रँक फिरणार नाही, कारण रॉड सरळ रेषेत उभा असतो आणि सगळा घाव बेअरिंगवर जातो. अशा वेळी चेंबर उतरवून, अडकलेल्या पिस्टनचे रॉड खालून सोडवावे लागतात. रॉड आणि त्याची कॅप यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, म्हणून सोडण्याआधी दोन्हींवर पंचने नंबर टाका. कॅप अदलाबदल झाली की बेअरिंग गेलेच समजा.

पिस्टन मधोमध कुठेतरी असेल तर काम सोपे. पण त्याला हलवण्याआधी त्याच्या वरची भिंत बारीक पॉलिश पेपर आणि तेलाने स्वच्छ करा. तिथे गंजाचा कडा राहिला आणि पिस्टन वर नेला, तर रिंग त्यात अडकून तुटते. म्हणून पहिली हालचाल खालच्या दिशेने. बाभळीच्या लाकडाचा सिलेंडरपेक्षा जरा लहान गोल ठोकळा करून पिस्टनच्या माथ्यावर ठेवा आणि त्यावर हातोडीने हलके, एकसारखे ठोके द्या. जोडीला दुसऱ्याने हँडलवर बेताचा जोर धरायचा. घण नको, पहार नको. ॲल्युमिनियमचा माथा फुटायला एक घाव पुरतो.

अडकलेले व्हॉल्व पिस्टनइतकेच त्रास देतात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढले की सायलेन्सर व्हॉल्वचे दांडे दिसतात. इंजिन हाताने फिरवताना आठही व्हॉल्व वर-खाली होतात का, ते एकेक करून बघा. एखादा वरच राहिला तर त्याच्या दांड्यावर तेल सोडा, लाकडाने हळूच खाली दाबा, पुन्हा उचला. दहा-वीस वेळा असे केल्यावर तो आपोआप खाली बसू लागला पाहिजे. अडकलेला व्हॉल्व तसाच ठेवून सेल्फ मारणाऱ्याचा पुश रॉड वाकतो.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनालाही हाच उपाय लागू पडतो. १९४६ साली खडकीला किर्लोस्करांचा इंजिन कारखाना सुरू झाला, तेव्हापासून अशी इंजिने आपल्या शिवारात आहेत आणि वीजपंप आल्यावर त्यातली कितीतरी तशीच गंजत पडली. त्यांचे मोठे फ्लायव्हील हेच हँडल. नोझल काढून तेल सोडा आणि चाकाला झोके द्या. मात्र डिझेल इंजिनात ॲसिटोन किंवा पेट्रोल मुळीच नको. दाबाने तापलेल्या हवेत त्याची वाफ भलत्याच वेळी पेटते.

सुटल्यावरची घाई

इंजिन एक फेरा फिरले की घरात पेढे वाटले जातात आणि लगेच कोणीतरी सेल्फ मारतो. थांबा. प्लग काढलेलेच ठेवून, भोकांवर फडके टाकून, बाजूला उभे राहून हाताने वीस-पंचवीस फेरे द्या. आत साठलेले तेल जोराने उडते. चेंबर खाली उतरवून तळाचा गाळ पुसून घ्या, नवे तेल भरा. मग प्लग न लावताच थोडा वेळ सेल्फ मारून तेलाचा काटा उठतो का ते बघा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. त्याचा डिंक होऊन कार्बोरेटर बंद पडलेला असतो, आणि एअर फिल्टरमध्ये उंदराचे घरटे सापडले तर नवल नाही.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा उघड्यावर करा आणि वाळूची बादली जवळ ठेवा. दहा-पंधरा मिनिटे पांढरा-निळा धूर निघेल, तो आत मुरलेल्या तेलाचा. त्यानंतरही निळा धूर थांबला नाही तर रिंगा चिकटलेल्या किंवा झिजलेल्या आहेत. चारही सिलेंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. एकाचेच फार कमी असेल तर त्याच्या भिंतीला गंजाने खड्डे पाडले असतील. खड्डे उथळ असले तर होनिंगवर भागते. खोल असले तर लेथवाल्याकडून बोअर मारून मोठ्या साईजचे पिस्टन घालावे लागतात. हा खर्च मोठा असतो, पण ब्लॉक मूळचा राहतो आणि त्यावरचा नंबरही.

जीप पुन्हा उभी करायची असेल तर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्लगच्या भोकात दोन चमचे ऑइल सोडून हँडलने चार फेरे द्या. त्यानंतर दर पंधरवड्याला, पेट्रोल बंद ठेवून, हँडलने दोन फेरे द्या. दर वेळी इंजिन वेगळ्या जागी थांबले पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेल्या फडक्याचा बोळा घाला. आणि बोळा घातल्याची चिठ्ठी स्टेअरिंगला बांधून ठेवा, नाहीतर दिवाळीत आलेला जावई तासभर सेल्फ मारत बसेल.